गावात कारखाना नाही, मग पर्यावरणाच्या प्रकल्पात लिहायचं काय?

तुझा प्रश्न थोडक्यात असा आहे: रत्नागिरी जिल्ह्यातलं खाडीकाठचं गाव, बीकॉमचं दुसरं वर्ष, पर्यावरणशास्त्राचा सक्तीचा पेपर आणि प्रकल्पाचा विषय ‘मानवी हस्तक्षेपाचे परिसंस्थेवरील परिणाम’. गावात कारखाना नाही, धूर नाही, खाडीचं पाणीही दिसायला बरं आहे. एसटी थांब्यामागचा प्लास्टिकचा ढीग सोडला तर फोटो काढण्यासारखं काही नाही. मग सुरुवात कुठून करायची?

हा पेपर तुम्हा सगळ्यांना घ्यावा लागतो त्याच्या मागे पर्यावरणाचे खटले लढणारे वकील एम. सी. मेहता यांच्या खटल्यातला सर्वोच्च न्यायालयाचा 1991 चा आदेश आहे. पुढे विद्यापीठ अनुदान आयोगाने देशभरासाठी एकच अभ्यासक्रम तयार केला. देशभरासाठी म्हटल्यावर उदाहरणंही तशीच येणार. भोपाळची वायुगळती, चिपको, दिल्लीची हवा. ती वाचून कोकणातल्या पोराचा समज होतो की पर्यावरण बिघडतं ते दुसरीकडे, आपल्याकडे नुसता निसर्ग. मी जैवविविधतेच्या सर्वेक्षणाचं काम करतो, बरंचसं सिंधुदुर्ग-रत्नागिरीतच. माझं मत विचारशील तर कारखाना नसलेलं गाव या विषयासाठी जास्त चांगलं. कारखान्याचं सांडपाणी नळीतून पडताना दिसतं, बोट दाखवलं की काम झालं. तुझ्या गावात हस्तक्षेप एका जागी होतो आणि त्याचा परिणाम दुसऱ्या जागी, दुसऱ्याच ऋतूत, बहुधा दुसऱ्याच माणसाच्या पदरात पडतो. त्याचा माग काढायचा, हाच प्रकल्प.

आर्थर टान्सली या ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञाने 1935 साली परिसंस्थेची कल्पना मांडली ती एवढ्यासाठीच, की सजीव आणि त्यांच्याभोवतीची माती, पाणी, क्षार हे वेगवेगळे धरून चालत नाही. पुस्तकात तळ्याची आकृती असते, कारण तळ्याला काठ असतो. कोकणातल्या गावाचा काठ कुठला? माझ्या दृष्टीने वर सडा, म्हणजे डोंगरमाथ्यावरचं जांभ्या कातळाचं पठार, आणि खाली समुद्र. मधे उतारावरची कलमं आणि रान, त्याखाली वाडी, मग मळ्यातली भातशेती, व्हाळ म्हणजे ओढा, खाजण म्हणजे खाडीकाठची खारी जमीन, आणि खाडी. हे सगळं पावसाच्या पाण्याने एका दोरीत ओवलेलं आहे. वर काही हललं की खाली पोचतं. तेव्हा तू वरून खाली ये.

सड्यापासून सुरुवात कर, कारण सड्याइतकी दुर्लक्षित जागा नाही. सातबाऱ्यावर ती पोटखराब किंवा पडीक म्हणून लागलेली असते. मे महिन्यात पाहिलं तर खरंच काळाठिक्कर पडलेला जांभा, पाय भाजतील असा. पण गणपतीच्या आसपास जा आणि एखाद्या उथळ खळग्याशी सरळ पोटावर आडवी हो. दोन बोटं पाणी असतं. त्यात पांढरी बटणं खोचल्यासारखी दिसतात ती गेंदाची फुलं. मधे निळीजांभळी, नखाएवढी, ती सीतेची आसवं. त्यांची मुळं म्हणावीत तर मुळं नाहीत. धाग्यांवर मोहरीहून बारीक फुगे असतात आणि त्या फुग्यांत पाण्यातले सूक्ष्म जीव ओढले जातात. शेजारच्या ओल्या कडेला दवबिंदू नावाची वनस्पती असेल, पानांवरच्या चिकट थेंबांत चिलट अडकलेलं. एकाच खळग्यात कीटकभक्षी झाडांच्या दोन तऱ्हा का? कारण कातळावर माती जवळजवळ नाही आणि नत्र तर त्याहून नाही. जे मातीतून मिळत नाही ते किड्यांतून मिळवायचं. तुझ्या पुस्तकात ‘मर्यादा घालणारा घटक’ असं जे रूक्ष वाक्य आहे, त्याचा अर्थ हा खळगा आहे.

आता या खळग्याचं वाटोळं कशाने होतं बघ. विषाने नाही. चांगल्या मातीने होतं. कातळात सुरुंग लावून खड्डे पाडायचे, खालून लाल माती आणून भरायची, खत घालायचं आणि हापूसची कलमं लावायची, ही कोकणातली मोठी मेहनत आहे आणि तिच्यावर घरं चालतात, त्याला कोणी नावं ठेवू नयेत. पण माती आणि खत पसरलं की गरिबीत तगून राहिलेल्या या झाडांची जागा दांडगं गवत घेतं. दिपकाडी कोकणेन्स नावाची पांढऱ्या फुलांची कंदवर्गीय वनस्पती घे. ती कोकणच्या या पट्ट्यातच सापडते, रत्नागिरीच्या सड्यांवर जूनमध्ये फुलते. तिला हलायला दुसरी जागा नाही. म्हणजे सुपीकता वाढवणं हाही हस्तक्षेपच. परीक्षेत हे उदाहरण लिहिलंस तर तपासणारा दोन मिनिटं थांबेल, कारण ‘प्रदूषण’ या शब्दात ते बसत नाही.

सड्याचं दुसरं काम पाण्याचं. रत्नागिरीत वर्षाला 3000 मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि तरी एप्रिल-मेमध्ये कित्येक वाड्यांना टँकर लागतो, याचं पाहुण्यांना नवल वाटतं. जांभा सच्छिद्र आहे, पाणी पितो. त्याखाली चिकणमातीसारखा थर असतो, तो पाणी खाली जाऊ देत नाही. मग ते पाणी आडवं सरकतं आणि जिथे डोंगराच्या कुशीत हे दोन थर उघडे पडतात तिथे झरा फुटतो. जुन्या वाड्या, देवळं, पाटाच्या पाण्यावरच्या पोफळीच्या बागा बहुतेक याच रेषेवर का आहेत ते आता लक्षात येईल. चिरेखाणीत काय होतं? पाणी साठवणारा जांभाच चिऱ्याच्या मापाने कापून ट्रकमधून जातो. उरतो तो खड्डा. काही खड्ड्यांत पाणी साठून राहतं आणि गुरं त्यावर जगतात, हेही खरं. काहींमधून पावसाळ्यात लाल गढूळ लोंढा सुटतो. तुझ्या गावात यांपैकी काय घडतंय ते घरबसल्या मी सांगू शकणार नाही आणि तूही सांगू नकोस. ते मोजायचं. त्याकडे शेवटी येतो.

उतारावरच्या बागांबद्दल थोडंच बोलतो, कारण याविषयी गावात तुला माझ्याहून जाणते बागायतदार भेटतील. त्यांना फुलकिड्यांबद्दल विचार. मोहरावरचा फुलकिडा पूर्वीही होता, पण आता तो औषधाला दाद देत नाही अशी तक्रार सगळीकडे ऐकू येते. सरसकट मारणारं कीटकनाशक पुन्हा पुन्हा मारलं की किड्याला खाणारे कोळी आणि ढालकिडेही मरतात. किड्याची वीण भराभर होते, त्याला खाणाऱ्यांची सावकाश. शिवाय जे किडे फवारणीतून वाचतात त्यांचीच प्रजा पुढे वाढते. मग फवारणी वाढते. अन्नसाखळीत वरचा दुवा तुटला की खालचा फोफावतो, हा धडा दहा हजारांचं औषध मारून बसलेला बागायतदार तुला प्राध्यापकांपेक्षा चांगला शिकवेल.

आता मळ्यात आणि व्हाळात ये. मृगाचा पहिला दमदार पाऊस झाला की चढणीचे मासे येतात. रायगड-ठाण्याकडे यालाच वलगण म्हणतात. नदीतले, डोहातले मासे गाभोळीने भरलेले असतात आणि वाहत्या पाण्याविरुद्ध चढत पऱ्यांत, तिथून भातखाचरांत शिरतात. खाचरातलं पाणी उथळ, कोमट, किड्यांनी भरलेलं आणि मोठे मासे नसलेलं. पिल्लांना याहून चांगलं बाळंतघर नाही. अहीर नावाची वाम तर त्याहून लांबचा प्रवास करते: तिची पिल्लं समुद्रात जन्मतात, खाडीतून वर व्हाळात येऊन वाढतात आणि पुन्हा अंडी घालायला समुद्रात जातात. म्हणजे सड्याखालच्या डोहातला हा मासा एका अर्थी समुद्राचा आहे.

चढणीचे मासे धरायला गाव लोटतं, पूर्वीही लोटायचं. त्याने मासे संपले नाहीत. मग आता कमी झाले म्हणतात ते का? बहुतेक जण शेजारच्या वाडीवर खापर फोडतात: ते ब्लीचिंग पावडर टाकतात, करंट लावतात. हे होतं आणि ते वाईट आहे, एका रात्रीत डोहातला जीव न् जीव मरतो. पण त्याखेरीज दोन गोष्टी शांतपणे घडल्या आहेत आणि त्या कोणाचा गुन्हा नाहीत.

एक म्हणजे पक्के बंधारे. वनराई बंधारा आठव. दिवाळीनंतर सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत माती भरून श्रमदानाने घालतात, उन्हाळाभर पाणी अडतं आणि जूनच्या लोंढ्यात तो वाहून जातो. मासा चढायला येतो तेव्हा वाट मोकळी असते. सिमेंटचा नाला बंधारा बारमाही. पुरुषभर उंच भिंत, खाली आपटणारं पाणी. मरळ एखादी ओल्या गवतातून सरपटत जाईलही, बाकीच्यांची वाट तिथे संपते. दोन्ही बंधारे पाणी अडवण्यासाठीच. फरक फक्त महिन्यांचा. म्हणून हस्तक्षेपाचं वर्णन करताना ‘काय केलं’ याच्या जोडीला ‘वर्षातल्या कुठल्या दिवसांत’ हा रकाना ठेवच.

दुसरी गोष्ट म्हणजे ओस पडलेली शेतं. तुझ्या गावात किती खाचरं यंदा लावली आणि किती पडून आहेत? मुंबईला गेलेला चाकरमानी गणपती-शिमग्याला येतो, लावणीला येत नाही. बांध फुटले, खाचरात पाणी ठरत नाही, तिथे रान माजलं. माशाचं बाळंतघर गेलं. बेडकांचंही. त्या रानात डुकराला आसरा झाला, मग शेजाऱ्याने लावलेलं भात डुक्कर खातं, मग पुढल्या वर्षी शेजारीही सोडतो. इथे माणसाने काही केलं नाही, करणं सोडलं. पुस्तकात हस्तक्षेप म्हणजे माणूस येणं. कोकणात गेली पन्नास वर्षं माणूस निघून जाणं हाही तेवढाच मोठा बदल आहे, आणि माझ्या वाचनात आलेल्या विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांत तो जवळपास नसतोच.

हाच धागा खाजणात आणखी गुंतलेला सापडेल. खाडीकाठची खारजमीन ही शेकडो हातांनी केलेली वस्तू आहे. चिखलाचे बांध घालून भरतीचं पाणी बाहेर ठेवायचं, उघाडीतून ओहोटीला आतलं पावसाचं पाणी सोडायचं आणि भरती आली की झडप बंद. पावसाने मीठ धुऊन निघालं की खारं भात लावायचं. या बांधांची दरवर्षीची डागडुजी गावकीने व्हायची. नंतर त्यासाठी कायदा झाला, सरकारी मंडळ झालं, आणि बांध ‘सरकारचा’ झाला. गावकी सैल पडली. उधाणाच्या भरतीला एके ठिकाणी खांड पडते, वेळेवर कोणी बुजवत नाही, खारं पाणी आत येतं, आणि चार-पाच वर्षांत शेतात तिवरांची, म्हणजे कांदळवनातल्या झाडांची, रोपं वर डोकावतात. 2005 साली मुंबई उच्च न्यायालयाने राज्यातली कांदळवनांची तोड थांबवली. तो आदेश हवाच होता, खाड्या बुजवून इमारती उठत होत्या. पण ज्याच्या बापजाद्यांनी भात पिकवलं त्या शेतकऱ्याला आता स्वतःच्या जमिनीतला तिवर उपटता येत नाही. रायगडात पेण-अलिबागकडे हे गावोगाव दिसतं.

आता सांग, इथे परिसंस्थेचं नुकसान झालं की फायदा? कोळंबीला विचारलं तर फायदा. तिवराची पानं चिखलात पडतात, बुरशी आणि जिवाणू ती कुजवतात, तो कुजका गाळ चिंबोऱ्या, कोळंबी, बोय खातात, त्यांना जिताडा आणि तांबोशी खातात. खाडीतली अर्धीअधिक अन्नसाखळी हिरव्या पानावर चालत नाही, कुजलेल्या पानावर चालते. चिखलात कार्बन कोंडला जातो तो वेगळाच. भातवाल्याला विचारलं तर नुकसान, आणि खाऱ्या भाताची वाणंही हळूहळू नाहीशी होतात. एका ओळीत निकाल लागत नाही. प्रकल्पात तो लावूही नकोस. कोणाला काय मिळालं आणि कोणाचं काय गेलं, दोन्ही नोंदव. मार्गदर्शक ‘निष्कर्ष लिहा’ म्हणतील तेव्हा हेच लिही.

खाडीच्या चिखलात ओहोटीला तिसऱ्या-मुळे हे शिंपले काढणाऱ्या आणि खडकावरची कालवं फोडणाऱ्या बायका असतात. त्यांच्याबरोबर एकदा जाऊन ये. गावातल्या जीवशास्त्राच्या शिक्षकाला माहीत नसेल इतकं त्यांना चिखलाचं ज्ञान असतं: कुठला घट्ट, कुठला वाळूमिश्रित, कुठे पाय घोट्यापर्यंत जातो आणि कुठे गुडघ्यापर्यंत. तिसरी चिखलात बसून दोन नळ्या वर काढते, एकीतून पाणी आत घेते, गाळून खाते आणि दुसरीतून सोडते. पाण्यात बारीक माती फार झाली की तिच्या गाळण्याच होतात बंद. ही बारीक माती कुठून येते? खाणीच्या लोंढ्यातून, महामार्गाच्या चौपदरीकरणात कापलेल्या डोंगरातून, बंगल्यांसाठी सपाट केलेल्या उतारांवरून. वर डोंगर कापणाऱ्याने तिसरी बघितलेलीही नसते. उलट बाजूने, सक्शन पंप लावून रेती उपसली की पात्र खोल होतं, भरतीचं खारं पाणी पूर्वीपेक्षा आत शिरतं आणि काठच्या विहिरी मचूळ होतात. एकीकडे गाळ जास्त म्हणून त्रास, दुसरीकडे रेती कमी म्हणून. दोन्ही एकाच खाडीत असू शकतं.

जरा लांबचं, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. चिपळूणची वाशिष्ठी उन्हाळ्यातही वाहते. बाकीच्या बहुतेक कोकणी नद्या होळीपर्यंत डबक्यांवर आलेल्या असतात. वाशिष्ठीत हे पाणी येतं कोयनेचं. कोयना मुळात कृष्णेला मिळून बंगालच्या उपसागराला जाणारी नदी. तिचं पाणी सह्याद्रीच्या पोटातल्या बोगद्यांतून पोफळीला आणून, वीज करून, कोळकेवाडीमार्गे वाशिष्ठीत सोडतात. वर्षाला 67.5 टीएमसीपर्यंत (टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट) पाणी असं पश्चिमेकडे वळवायला कृष्णा पाणीवाटप लवादाची मान्यता आहे. त्यामुळे ज्या खाडीच्या वरच्या टोकाचं पाणी चैत्रात खारट व्हायला हवं, तिथे गोडं पाणी येत राहतं, तेही विजेच्या मागणीप्रमाणे कमीजास्त. गोड्या पाण्याचा मासा असो की निमखाऱ्या, त्याचं वेळापत्रक मुंबई-पुण्याचे दिवे ठरवतात. आणि चिपळूणकर हे पाणी पितात, त्यावर बागा करतात. हे उदाहरण मी मुद्दाम दिलं, कारण इथे कोणी घाण टाकलेली नाही. गोडं, स्वच्छ पाणी हाच बदल आहे.

किनाऱ्याबद्दल आटोपतं घेतो. मासेमारीवर तू वर्तमानपत्रात वाचतच असशील: 1 जून ते 31 जुलै बंदी, पर्ससीन या मोठ्या घेरणाऱ्या जाळ्यांवर 2016 चे निर्बंध, एलईडी दिव्यांच्या मासेमारीला मनाई. बंदी पाळली जाते की नाही हा राजकारणाचा विषय, तुझ्या प्रकल्पात तो ओढू नकोस, बंदरावर उगाच शत्रू होतील. त्यापेक्षा धूपप्रतिबंधक बंधारा बघ. समुद्र वाडीकडे सरकतो म्हणून दगडांची भिंत घालतात. पुळण, म्हणजे किनाऱ्याचा वाळूचा पट्टा, ही एका जागी बसलेली वाळू नव्हे, लाटांबरोबर ती किनाऱ्याला समांतर सरकत असते, पावसाळ्यात आत जाते, थंडीत परत येते. भिंतीने इथली वाळू अडली की शेजारच्या गावाला तेवढी कमी पडते आणि दोन-चार वर्षांत तिथले लोक आमदारांकडे भिंत मागायला जातात. पुळणीवरची मर्यादवेल वाळू धरून ठेवायचं काम फुकट करत होती. ती काढून सुरूची झाडं लावली. सुरूने वारा अडतो, सावली होते, पण त्याच्या काड्यांच्या जाड थराखाली दुसरं काही उगवत नाही आणि कासवाच्या मादीला खणायला मोकळी वाळू उरत नाही.

कासवांचा विषय निघाला की रत्नागिरी जिल्ह्यातलं वेळास गाव येणारच. तिथे सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने 2002 पासून गावकऱ्यांना बरोबर घेऊन ऑलिव्ह रिडलेची घरटी राखली. अंडी खाणारं गाव अंडी राखणारं झालं. घरटं जागच्या जागी ठेवलं तर कोल्हं-कुत्री उकरतात, म्हणून अंडी कुंपणात हलवतात. आता बारकावा बघ. कासवाच्या पिल्लाचं लिंग वाळूच्या तापमानावर ठरतं, थंड वाळूत नर जास्त, तापलेल्या वाळूत माद्या. म्हणजे कुंपण उन्हात घातलं की सावलीत, यावरही काहीतरी ठरतं. संवर्धन हाही हस्तक्षेप आहे आणि त्याचाही हिशेब ठेवावा लागतो. आणि ती कुत्री किनाऱ्यावर वाढली कशाने? पर्यटकांनी टाकलेल्या उष्ट्यावर. तुझा तो प्लास्टिकचा ढीग वाया गेला नाही, पण त्याचा फोटो काढून थांबू नकोस. रात्री तिथे कोण कोण जेवायला येतं ते मोज.

आता मोजायचं कसं. वर सांगितलेलं सगळं करायला गेलीस तर दोन जन्म पुरणार नाहीत. एकच गोष्ट घे, आणि माझा सल्ला झऱ्यांचा आहे. तुझ्या पंचक्रोशीत असे दोन झरे शोध की एकाच्या वरच्या सड्यावर खाण किंवा नवी बाग आहे आणि दुसऱ्याचा सडा अजून जसाच्या तसा आहे. डोंगराची उंची आणि पाऊस साधारण सारखा हवा. दुसरा झरा महत्त्वाचा. तो नसेल तर पाणी कमी झालं ते खाणीने की यंदाच्या पावसाने, हे कोणालाच सांगता येणार नाही. बादली ठेव, मोबाइलवर वेळ लाव, किती सेकंदांत भरते ते लिही. दर पंधरवड्याला, त्याच वारी, सकाळी. जानेवारी ते मे. टीडीएस मीटर मिळाला तर पाण्यातले विरघळलेले क्षारही बघ, तो आता मोबाइलच्या चार्जरच्या किमतीत मिळतो. पाचशे रुपयांत प्रकल्प होतो.

जोडीला माणसांना विचार, पण नीट विचार. ‘पूर्वी पाणी जास्त होतं का?’ असं विचारलंस तर प्रत्येक म्हातारा ‘हो’ म्हणणार. ‘तुमच्या लग्नाच्या साली पाट कुठपर्यंत यायचा? पोफळीला शिंपण कधी सुरू करायचे, शिमग्याआधी की नंतर?’ असं विचार. सालाला प्रसंग बांधला की आठवण खरी निघते. तरुणांनाही हेच विचार आणि उत्तरं शेजारी शेजारी ठेव. डॅनियल पॉली या मत्स्यशास्त्रज्ञाने 1995 साली दाखवून दिलं की प्रत्येक पिढी आपल्या तरुणपणी जे पाहिलं तेच मूळचं धरते, त्यामुळे हळूहळू होणारी घट कोणाच्या डोळ्यांवर येत नाही. तुझ्या दोन रकान्यांत हा फरक दिसला तर तो प्रकल्पातला सगळ्यात मोलाचा भाग ठरेल. गूगल अर्थवर जुन्या उपग्रहचित्रांची सोय आहे; खाण किंवा बाग कुठल्या साली सुरू झाली ते त्यावर जुळवून बघ.

मालकांची नावं, गट नंबर अहवालात टाकू नकोस. ‘सडा अ’ आणि ‘सडा ब’ पुरे. गावात राहायचं आहे. ‘झाडे लावा, झाडे जगवा’ हे पान तर अजिबात नको. सड्यावर झाड लावणं काय करतं ते आता तुला माहीत आहे. पोस्टरऐवजी तक्ता चिकटव.

झऱ्याऐवजी खाडी घ्यायचं ठरवलंस तर एकटी जाऊ नकोस, चिखलात पाय रुतला आणि भरती लागली तर ओरडून उपयोग नसतो. भरतीची वेळ काढायची रीत घरातल्या कोणाला तरी येत असेल: तिथीच्या पाऊणपट वाजता भरती. चतुर्थीला 3 वाजता, अष्टमीला 6 वाजता, त्यापुढे साधारण सहा तासांनी ओहोटी. खाडीत जसजसं आत जावं तसतसं पाणी उशिरा पोचतं, तेव्हा तास-अर्ध्या तासाचा फरक धर. अमावास्या-पौर्णिमेला भरती दुपारी 12 च्या सुमारास असते, म्हणजे सकाळी सहाच्या आसपास चिखल सगळ्यात लांबवर उघडा पडतो. तेव्हाच उतर, आणि पाणी परत फिरलं की काठावर ये.